समालोचकांपासून सुटका: चार उपाय, सहा महिन्यांचा अनुभव

टीव्हीवरच्या समालोचनाला वैतागून आवाज बंद करणारे पुष्कळ, पण दुसऱ्या ओव्हरला तो गुपचूप परत चालू करणारे त्याहून जास्त. आवाज बंद केला की बडबडीबरोबर बॅटचा ठोका, गर्दीचा गलका आणि स्टंप माइकमधली विकेटकीपरची टकळीही जाते. उरते ती मुकी मॅच. ती तासभरसुद्धा बघवत नाही. म्हणून एक अख्खी आयपीएल आणि नंतरच्या दोन मालिका, मिळून सहाएक महिने, चार उपाय आलटून पालटून वापरले: भाषा बदलणं, सेंटर स्पीकर दाबणं, आवाजातून आवाज वजा करणं आणि टीव्ही मुका ठेवून रेडिओ लावणं. जमेल तितकं तपशिलात लिहितो.

त्याआधी एक गोष्ट. चीड आणणारा समालोचक आणि पक्षपाती समालोचक हे दोन वेगळे आजार आहेत. कट्ट्यावर दोघांना एकाच शिवीत गुंडाळलं जातं आणि मग औषध चुकतं. डिसेंबर २०२४ मध्ये मेलबर्नला ऋषभ पंत नको तो फटका मारून बाद झाला तेव्हा गावसकर तीनदा 'स्टुपिड' म्हणाले. जून २०२५ मध्ये हेडिंग्लेला त्याच पंतने शतक ठोकलं तेव्हा तीनदा 'सुपर्ब' म्हणाले. कोणाला ते खडूस वाटेल, पण पक्षपात असता तर नेमकं उलटं ऐकू आलं असतं. मांजरेकरांनी २०१९ च्या विश्वचषकात जडेजाला 'बिट्स अँड पीसेस' खेळाडू म्हटलं आणि जडेजाने उपांत्य सामन्यात ५९ चेंडूंत ७७ काढल्या. अंदाज सपशेल आपटला, इतकंच. मत चुकलं म्हणून माणूस पक्षपाती ठरत नाही.

खरा पक्षपात बघायचा तर २०१८ ची मेलबर्न कसोटी घ्या. भारताच्या मयांक अगरवालच्या रणजी त्रिशतकावर ऑस्ट्रेलियन समालोचक केरी ओकीफ यांनी रेल्वे कँटीनच्या नोकरांविरुद्ध काढलेलं त्रिशतक असा विनोद केला आणि पुढे माफी मागितली. ते त्रिशतक, नाबाद ३०४, गहुंज्याला महाराष्ट्राविरुद्धचं होतं. म्हणजे टिंगल कँटीनवाल्यांची नव्हे, आपलीच. समोरच्या देशाचं क्रिकेट माहीत करून घ्यायची गरजच न वाटणं, पक्षपात बहुतेकदा इथूनच सुरू होतो.

आपल्याकडचा पक्षपात मात्र बोलण्यात कमी आणि न बोलण्यात जास्त असतो. मायदेशातल्या मालिकांचं प्रक्षेपण क्रिकेट मंडळाच्या, म्हणजे बीसीसीआयच्या हातात. गावसकर आणि शास्त्री यांचे मंडळाशी करार होते, हे जाहीर आहे. निवड, मंडळाचा कारभार आणि डीआरएस (पंचाच्या निर्णयाविरुद्ध रिप्लेवरून दाद मागायची पद्धत) यांवर बोलायचं नाही अशी अट आली म्हणून २०१३ मध्ये ऑस्ट्रेलियाचे माजी कर्णधार इयन चॅपल यांनी भारतातल्या मालिकेला यायचंच नाकारलं. मंडळ तेव्हा डीआरएसच्या विरोधात होतं, २०१६ अखेरपर्यंत. पंच ढळढळीत चुकायचा, रिप्ले दोनदा दाखवला जायचा आणि समालोचक पुढच्या चेंडूकडे वळायचा. तो जे गिळतो ते ऐकू येत नाही, त्यामुळे ह्या आजारावर आवाज कमी करून काहीच होत नाही.

तपासायची एक सोपी रीत आहे: एलबीडब्ल्यूचं अपील झालं की टीव्ही म्यूट. चेंडू लेगच्या बाहेर पडला का, पॅडला कुठे लागला, स्टंपवर जात होता का, हे आपलं आपण ठरवायचं आणि मग आवाज चालू करायचा. 'अंपायर्स कॉल' आला तर कान टवकारा. चेंडूचा निम्म्याहून कमी भाग स्टंपला लागत असेल तर मैदानावरच्या पंचाचा निर्णय कायम राहतो, नियम दोन्ही संघांना एकच. पण आपला गोलंदाज असेल तर 'नशीब नाही', समोरचा असेल तर 'थोडक्यात वाचलो', अशी भाषा बदलते. एका कसोटीत असे पाच-सहा प्रसंग वहीत टिपले की कोण कुठे झुकतो ते कळतं. यादी करून पाहिली तर ज्यांच्या नावाने आपण बोटं मोडतो त्यांतले निम्मे सुटतात आणि गोड बोलणारे एक-दोन सापडतात.

आता उपाय. भाषा बदलणं सगळ्यात सोपं. २०२३ च्या आयपीएलपासून मोबाइलवर बारा भाषा मिळू लागल्या, मराठीही. केदार जाधव त्या मोसमात मराठी समालोचन करता करता मधेच बंगळूरुच्या संघात खेळायला गेला, हे बहुतेकांना आठवत असेल. अॅपमध्ये प्लेअरच्या सेटिंगमध्ये भाषा बदलता येते. डिश किंवा केबलवर रिमोटचं ऑडिओ किंवा लँग्वेजचं बटण दाबायचं, चॅनलवर एकच ट्रॅक असेल तर काही बदलणार नाही. मराठी फीडचा फायदा टी-ट्वेंटीत जास्त. मुंबई-पुण्याचा पोरगा खेळायला आला की त्याचं क्लबचं, कांगा लीगचं क्रिकेट माहीत असलेला माणूस माइकवर असतो, आणि तिथे दोन वाक्यांत जे कळतं ते इंग्रजी फीडवर आकड्यांच्या चार पाट्या दाखवूनही कळत नाही. तोटा असा की दर षटकाराला यमक जुळवायची हौस आवरत नाही, आणि रंगात आले की अर्धं वाक्य हिंदीत जातं. बाळ ज. पंडितांच्या रेडिओ समालोचनावर वाढलेल्या पिढीला पायचीत, त्रिफळाचीत, निर्धाव षटक हे शब्द अधूनमधूनच ऐकू येतात. ते जपावेत असा हट्ट नाही, पण 'एलबीडब्ल्यू आऊट झाला आहे' यापेक्षा 'पायचीत' लवकर संपतं आणि तेवढी शांतता जास्त मिळते.

दुसरा उपाय साउंडबार किंवा ५.१ स्पीकर असलेल्यांसाठी, आणि सगळ्यात समाधानकारक हाच ठरला. समालोचकाचा आवाज डाव्या-उजव्या चॅनलमध्ये सारखाच मिसळलेला असतो. स्पीकर सराउंड मोडवर ठेवला की असा सारखा आवाज मधल्या, म्हणजे सेंटर स्पीकरकडे जातो आणि गर्दी कडेला राहते. मग सेंटरची पातळी ६ डेसिबलने खाली आणायची. बोलणं समजतं, पण शेजारच्या खोलीत कोणी बोलतंय इतपतच. १० डेसिबलपेक्षा जास्त खाली नेऊ नका: स्टंप माइक आणि तिसऱ्या पंचाचं बोलणंही मधल्याच स्पीकरमधून येतं, तेही बुडतं. टीव्हीतला 'क्लिअर व्हॉइस' किंवा 'डायलॉग' नावाचा पर्याय आधी बंद करा, नाहीतर आपण एका हाताने दाबतोय आणि टीव्ही दुसऱ्या हाताने उचलतोय, असं होतं. सेंटर वेगळा नसलेल्या स्वस्त दोन स्पीकरच्या साउंडबारवर हे जमत नाही.

तिसरा उपाय लॅपटॉपवाल्यांचा. डाव्या चॅनलमधून उजवा वजा करायचा. दोन्हीकडे सारखं असलेलं, म्हणजे समालोचन, उडून जातं. इक्वलायझर एपीओसारखं फुकट सॉफ्टवेअर हे करतं. एक चूक हमखास होते. डाव्या कानाला 'डावा वजा उजवा' आणि उजव्याला 'उजवा वजा डावा' दिलं, की हेडफोनवर ठीक वाटतं, पण दोन्ही चॅनल एकत्र करणाऱ्या मोनो ब्लूटूथ स्पीकरवर सगळंच गायब. दोन्हीकडे एकच वजाबाकी द्यायची. तरीही स्ट्रीमिंगच्या कॉम्प्रेशनमुळे आवाजाचा गाळ उरतो, कोणीतरी पाण्याखालून बोलतंय असा. बॅटचा ठोकाही मधलाच, तोही जातो. गंमत म्हणून एकदा करून पाहावं. पूर्ण मॅच अशी बघू नये.

चौथा उपाय जुनाच: चित्र टीव्हीचं, आवाज रेडिओचा. आकाशवाणीचं समालोचन प्रत्येक मालिकेला नसतं, आधी वेळापत्रक पाहावं. खरी डोकेदुखी मेळ बसवायची. साध्या रेडिओ संचावरचा आवाज टीव्हीच्या पुढे धावतो: विकेट आधी ऐकू येते आणि बॅट्समन पडद्यावर अजून ग्लोव्ह्ज ओढत असतो. ह्याला इलाज नाही, कारण रेडिओ थांबवता येत नाही. उलट इंटरनेटवरचा रेडिओ टीव्हीच्या मागे पडतो, कधी वीस सेकंद, कधी पाऊण मिनिट. इथे इलाज आहे. रेकॉर्डिंगवाला सेट टॉप बॉक्स असेल तर टीव्ही पॉज करायचा. ओव्हरच्या पहिल्या चेंडूला गोलंदाज रनअप सुरू करतो त्या क्षणी चित्र थांबवा, रेडिओवाला 'गोलंदाज निघाला' म्हणाला की प्ले दाबा. अर्ध्या सेकंदाचा फरक राहिला तरी चालतो. टाळ्यांवरून मेळ घालू नका, त्या प्रत्येक चेंडूला असतात.

मेळ टिकत मात्र नाही. नेट एकदा अडखळलं की रेडिओ आणखी मागे जातो, त्यामुळे ड्रिंक्सला आणि डाव बदलताना पुन्हा जुळवावं लागतं. चित्रही अॅपवरच बघत असाल तर दोन हलत्या गोष्टी एकमेकींना बांधायच्या, त्या नादाला लागू नका.

लोकलमध्ये हा उपाय जास्त कामाचा. ६४ केबीपीएसचा ऑडिओ तासाला जेमतेम २९ एमबी खातो, टी-ट्वेंटीची अख्खी मॅच सव्वाशे एमबीच्या आत. व्हिडिओला तेवढा डेटा काही मिनिटांत जातो. मीडियम वेव्हचा ट्रान्झिस्टर गाडीत उपयोगाचा नाही, वरच्या विजेच्या तारांची खरखर सगळं खाऊन टाकते. घरातही मोबाइलचा चार्जर आणि एलईडी दिवा यांपासून तो लांब ठेवा आणि हळूहळू फिरवून पाहा. आतला अँटेना एका दिशेला जास्त पकडतो, त्यामुळे पाव फेरीनेही बराच फरक पडतो. फोनमधल्या एफएमला वायरचे इअरफोन लागतात, तीच वायर त्याचा अँटेना.

रेडिओवरचे सगळे समालोचक संत आहेत असं नाही. तेही आरडाओरडा करतात. फरक इतकाच की त्यांना चेंडू कुठे पडला, कुठे गेला, किती धावा झाल्या हे सांगावंच लागतं, त्यामुळे मधे गप्पांना वाव कमी. टीव्हीवाल्याला चित्र दिसत असतं, त्याच्याकडे वेळच वेळ. आयपीएलच्या सुरुवातीच्या मोसमांत तो वेळ 'डीएलएफ मॅक्सिमम' आणि 'कार्बन कमाल कॅच' म्हणण्यात जायचा. प्रायोजक बदलले, सवय तीच राहिली.

सध्याची मांडणी अशी: टी-ट्वेंटीला मराठी फीड आणि सेंटर ६ ने खाली, कसोटीला रेडिओ असेल तर रेडिओ, नसेल तर इंग्रजी फीड सेंटर ८ ने खाली. परदेश दौऱ्यात यजमान देशाचं इंग्रजी समालोचन येत असेल तर पहिला दिवस नेहमीच्या आवाजात ऐकून, वहीत टिपून, मग काय दाबायचं ते ठरवा. त्यांच्यात आपल्याकडच्यांपेक्षा मोकळेपणा असतो, अज्ञानही असतं.

एक अडचण मात्र सुटली नाही. टीव्ही वीस सेकंद मागे नेऊन रेडिओशी जुळवला, सेंटर खाली केला, फोनच्या नोटिफिकेशन बंद केल्या, शेवटची ओव्हर, सहा चेंडूंत नऊ, आणि समोरच्या बिल्डिंगमध्ये साध्या केबलवर मॅच बघणारे तिसऱ्या मजल्यावरचे लोक ओरडतात. त्यांना केबल सोडा म्हणून सांगता येत नाही. खिडकी लावून घ्यायची आणि पंखा पाचवर.