सात महिने गुलकंद: दुकानातली बाटली आणि मामीची बरणी

आधी माझी तक्रार सांगतो, म्हणजे तुमच्याशी जुळते का बघा. नाशिकच्या सातपूर एमआयडीसीत तिन्ही पाळ्यांत काम. रात्रपाळीच्या आठवड्यात मध्यरात्री दोन चहा, वर फरसाण, आणि पहाटे घशाशी आंबट पाणी. सकाळी पोट साफ नाही ते वेगळंच. मार्चमध्ये ऊन तापलं आणि तोंडही आलं. कॉलनीतल्या वैद्यबाई म्हणाल्या, ‘‘गुलकंद घ्या, पण बघून घ्या.’’ त्या ‘बघून’चा अर्थ मला दोन महिन्यांनी कळला.

पहिली बाटली दुकानातून आणली. नाव लिहीत नाही. झाकण उघडलं की पानाच्या टपरीवर उभं असल्यासारखा वास. चमच्याला पाकाची तार सुटायची, पाकळी शोधावी लागायची. एकदा चमचाभर गुलकंद पाण्यात ढवळला, तर पाणी सरबतासारखं गुलाबी झालं. दोन महिन्यांत दोन बाटल्या संपवल्या. फायदा काय, तर गोड खाल्ल्याचं समाधान.

मखमलाबादच्या मामीला हे सांगितलं तर हसली. ‘‘अरे, तो गुलकंद नाही, मुरांबाही नाही. तू घरी घाल, मी सांगते.’’ म्हणजे मेच्या उन्हात मीच कामाला लागलो.

मोगलांनी नाशिकला गुलशनाबाद नाव दिलं होतं म्हणे. पण आज गुलकंदाचा गुलाब हवा तर फिरावं लागतं. मित्र जानोरीच्या पॉलिहाऊसमधले लांब देठांचे गुलाब देत होता, फुकट. दिसायला देखणे, पण नाकाशी नेले तरी वास नाही, आणि ती फुलं खाण्यासाठी पिकवलेली नसतात, त्यामुळे फवारणीचा भरवसा नाही. ते मामीने सरळ नाकारले. गावठी गुलाबीच हवा, पातळ पाकळ्यांचा, वासाचा. थोडी फुलं तिच्या दारातली, बाकीची गणेशवाडीच्या फुलबाजारातून पहाटे आणली.

पहिली बरणी मी घालवली. पाकळ्या धुतल्या आणि नीट न सुकवता खडीसाखरेत भरल्या. पाचव्या दिवशी दादरा सोडला तर वरच्या थरावर पांढरी लव, बुरशी! साखर दाट असते तोवर पाण्याचा अंश स्वतःकडे ओढून घेते, बुरशीला काही उरत नाही. मीच पाणी घातल्यावर पाक पातळ झाला आणि तिचं फावलं. सगळं कचऱ्यात.

दुसऱ्यांदा पाव किलो पाकळ्या फडक्यावर सावलीत कोरड्या केल्या, अर्धा किलो खडीसाखर जाडसर कुटली, हाताने चुरडत थर दिले. मग बरणी रोज गच्चीवर. तीन-चार दिवसांत साखर ओली झाली, पाकळ्या खाली बसल्या, आणि बरणी निम्मी रिकामी दिसायला लागली (मी घाबरून मामीला फोन केला, तर ‘‘बसणारच ना रे!’’). महिनाभर उन्हं दाखवली. पावसाळा लागायच्या आत रंग तांबूस-तपकिरी झाला आणि पाकळी दाताखाली येऊनही विरघळायला लागली.

जूनपासून रोज रात्री एक चमचा, वर कोमट दूध. दहा-बारा दिवसांत सकाळचा प्रश्न सुटला, आणि तो अजून सुटलेलाच आहे. गुलाब सारक आणि पित्तशामक मानतात, त्यातला सारकपणा मला पटला. तोंड येणंही बंद झालं, पण तोवर उन्हाळाही सरला होता, तेव्हा श्रेय कुणाला द्यायचं? छातीतली जळजळ मात्र नुसत्या गुलकंदाने गेली नाही. ऑगस्टमध्ये रात्रपाळीतला दुसरा चहा सोडला, तेव्हा कमी झाली. पुन्हा चहा सुरू केला तर पुन्हा आली. गुलकंद खाऊन वर फरसाण खायचं असेल तर हा चमचा वाया गेला समजा.

आणखी एक, जे कुणी सांगत नाही. या मापात दोन भाग साखर आहे. माझा चमचा वीस ग्रॅमचा, म्हणजे रोज तेरा-चौदा ग्रॅम साखर. वैद्यबाईंनी घरात मधुमेह आहे का, हे आधीच विचारलं होतं, मी ‘नाही’ म्हटलं, आणि वडिलांची शुगर नंतर आठवली. रक्त तपासलं, बरं आहे. तरी सप्टेंबरपासून अर्धा चमचा. वडिलांना अजिबात देत नाही, ते रुसले आहेत.

या सगळ्यात फुलांच्या औषधांकडे नजर जायला लागली. मावशीच्या द्राक्षासवाच्या बाटलीवर घटक वाचले, तर त्यात धायटीची फुलं. मनुकांचा काढा त्या फुलांच्या जोरावर आंबतो, आणि त्यात मद्य आपोआप तयार होतं. नाशिककरांना हे वेगळं शिकवायला नको.

किंमत काढायला गेलो तर घरचा गुलकंद दुकानातल्यापेक्षा स्वस्त पडत नाही, बुरशीची बरणी धरली तर महागच. सध्या तळाशी दोन बोटं उरला आहे. मामीने निरोप धाडला आहे की दुसऱ्या वेळची बरणी तिचीच होती, ती परत हवी. रिकामी द्यायची नाही म्हणून सध्या बाजारातले जास्वंदीचे भाव विचारतोय, तिला तेल हवं आहे.