असंभव की अग्निहोत्र: एकच बघायची असेल तर

जुन्या मराठी मालिकांपैकी एकच, पण पहिल्या भागापासून शेवटापर्यंत बघायची आहे, कोणती बघू, असं विचारणारे हल्ली बरेच भेटतात. त्यांतले निम्मेअधिक जण फिरून फिरून दोन नावांपाशी अडलेले असतात. ‘असंभव’ आणि ‘अग्निहोत्र’. पेच खराच आहे. दोन्ही सतीश राजवाडे यांनी दिग्दर्शित केलेल्या. पहिली २००७मध्ये झी मराठीवर सुरू झाली, दुसरी २००८च्या अखेरीस, स्टार प्रवाह ही वाहिनी नवीन असतानाची. दोन्हींत जुना वाडा आहे, मागच्या पिढ्यांनी झाकून ठेवलेलं काहीतरी आहे आणि ते उकरून काढणारी आजची माणसं आहेत. मी दोन्ही त्या काळात पाहिल्या आणि अलीकडे पुन्हा सलग पाहिल्या. माझं माप एका बाजूला झुकलेलं आहे हे आधीच सांगतो, म्हणजे पुढचं वाचताना तेवढं वजा करून घेता येईल.

‘असंभव’ पकड घेते, यात वादच नाही. चिन्मय मांडलेकर यांच्या लेखनात एक गुण होता: प्रेक्षकाला पात्रांपेक्षा थोडं जास्त माहीत असायचं, पण पुरेसं कधीच नसायचं. सुलेखाच्या मनात काय चाललंय हे आपल्याला दिसतंय, नायक आदिनाथला दिसत नाहीये, आणि आपण पडद्याबाहेर बसून तळमळतोय. नीलम शिर्के यांनी सुलेखा अशी उभी केली की ती नुसती दारात येऊन थांबली तरी घरातल्या गप्पा बंद व्हायच्या. मराठी मालिकांत खलनायिका तोवर कट रचणाऱ्या होत्या, साडीचा पदर खोचून कुजबुजणाऱ्या. ही वेगळी होती. हिला स्वतःलाही स्वतःची भीती वाटत असावी, असं काही क्षणी वाटायचं. उमेश कामत, सुनील बर्वे, आनंद अभ्यंकर, सोपानकाकांच्या भूमिकेत सुहास भालेकर, आणि खुद्द राजवाडे यांनी केलेला विक्रांत भोसले हा गुप्तहेर. त्या विक्रांतचं पात्र मला आजही फार आवडतं. पूर्वजन्म, सूड, शाप असल्या गोष्टींच्या गर्दीत प्रश्न विचारणारा एक माणूस हवा असतो, तो त्याने होऊन दाखवला.

‘अग्निहोत्र’ला अशी पकड घ्यायला वेळ लागतो. सुरुवातीचे भाग बघताना कोण कोणाचा भाऊ आणि कोण कोणाशी किती वर्षं बोललेलं नाही, याचा मेळ लागत नाही. अग्निहोत्री घराण्यातला तरुण नील एकेका घराचं दार ठोठावत जातो तसं आपणही त्याच्याबरोबर ते घर ओळखू लागतो, आणि त्या ओळखी पक्क्या होईपर्यंत गूढ मागे पडल्यासारखं वाटतं. तडकाफडकी थरार हवा असणाऱ्याचा धीर इथेच सुटतो आणि त्यात त्याची चूक नाही.

दोन्हींमधला फरक मला कळला तो त्या वर्षांतल्या लोडशेडिंगमुळे. नाशिकला आमच्या भागात वीज जायची वेळ बदलत राहायची आणि ऐन मालिकेच्या वेळी अंधार झाला की दुसऱ्या दिवशी कोणाकडून तरी भाग ऐकून घ्यावा लागे. समोरच्या बिल्डिंगमधल्या काकू दोन्ही मालिका न चुकता बघायच्या, त्यांच्याकडे इन्व्हर्टर होता. ‘असंभव’चा चुकलेला भाग त्या जिना उतरता उतरता सांगून मोकळ्या व्हायच्या. सुलेखाने अमुक केलं, शुभ्राला तमुक कळलं, झालं. ‘अग्निहोत्र’चा भाग सांगायला मात्र त्या आईजवळ बसायच्या. मोरेश्वर काय बोलले एवढ्याने भागत नसे, बोलण्याआधी ते किती वेळ गप्प बसले, तेही सांगावं लागे. विक्रम गोखल्यांनी घेतलेली ती उसंत काकू स्वतः करून दाखवायच्या. मला वाटतं, पुन्हा बघताना कोणती मालिका टिकेल याचा अंदाज तेव्हाच यायला हवा होता. काय घडलं हे एकदा कळलं की ती माहिती होऊन बसते. कसं घडलं ते परत बघावंसं वाटतं.

तरीही निव्वळ एवढ्यावर मी ‘अग्निहोत्र’कडे वळलो नसतो. ‘असंभव’ दुसऱ्यांदा बघतानाही मी रमलो होतो. शेवट माहीत असून रमलो होतो, हे तिचं मोठंच श्रेय. मला अडवलं ते एका गोष्टीने, आणि ती सविस्तर सांगायला हवी, कारण तुमच्या लेखी ती अगदी क्षुल्लक ठरू शकते.

‘असंभव’ची नायिका शुभ्रा, तिची भूमिका आधी मानसी साळवी करत होत्या. मालिका चालू असतानाच त्यांच्या जागी ऊर्मिला कानिटकर आल्या, म्हणजे आताच्या ऊर्मिला कोठारे. रोजच्या मालिकेत कलाकार बदलणं ही नेहमीची बाब. वर्षानुवर्षं चालणारं काम, त्यात कोणाच्याही आयुष्यात काहीही घडू शकतं. आपण प्रेक्षकही समजूतदार असतो, आठवडाभर कुरकुर करतो आणि नव्या चेहऱ्याला जुन्या नावाने हाक मारायला लागतो. कौटुंबिक मालिकेत ते खपूनही जातं. सासू बदलली तरी सासूपण तेच राहतं.

पण ‘असंभव’ ही पुनर्जन्माची गोष्ट आहे. पुनर्जन्माच्या गोष्टीत चेहरा हाच पुरावा असतो. आजची सुलेखा आणि पूर्वीची इंदुमती या दोघी नीलम शिर्केच, म्हणून तर आपण मानतो की मधली वर्षं ओलांडून तोच जीव परत आला आहे. कोणी तर्काने पटवून देत नाही, आपल्या डोळ्यांना पटतं. मालिका आपल्याला शिकवते की चेहऱ्यावर विश्वास ठेवा, मरणानंतरही चेहरा खोटं बोलत नाही. आणि मग त्याच गोष्टीत, याच जन्मात, नायिकेचा चेहरा बदलतो आणि कोणीही दचकत नाही. आदिनाथ तिच्याशी कालच्यासारखाच बोलतो.

रोज एक भाग बघताना मध्ये एक रात्र जायची, ऑफिस जायचं, पेपरात बातमी आलेली असायची. सलग बघताना तसला आडोसा मिळत नाही. मी हे बघत होतो तेव्हा बायको मध्येच येऊन शेजारी बसली. तिने ही मालिका आधी पाहिलेली नव्हती.

“ही कोण आता?”

“शुभ्रा.”

“मघाशी होती ती?”

“तीच. कलाकार बदलली.”

“मग ती जुन्या काळातली बाई आणि ही सुलेखा एकच, हे कशावरून?”

मी थांबलो. उत्तर सोपं होतं, चेहरा तोच आहे म्हणून. पण ते उत्तर नुकतंच निकामी झालं होतं. पुढचे भाग मी पाहिले, कानिटकरांनी काम चोख केलं आहे आणि साळवींचंही आधीचं काम तितकंच गोड आहे, यात दोघींचा काडीचाही दोष नाही. गोष्टीचा पाया मात्र माझ्यापुरता हलला. प्रत्येक कलाटणीला मनात तोच प्रश्न परत यायचा आणि भीती वाटायच्या ठिकाणी मी हिशेब मांडत बसायचो. भयकथेत प्रेक्षक हिशेब मांडायला लागला की रंग उतरतो. तुम्हाला असं होईलच असं नाही. माझ्या मित्रांपैकी कित्येकांना हा बदल आठवतही नाही.

‘अग्निहोत्र’मध्ये गूढाचा पाया वेगळ्या जागी आहे. आठ गणपती, घराण्यातल्या माणसांबरोबर पांगलेले, आणि ते एकत्र यायचे तर आधी माणसं एकत्र यायला हवीत. श्रीरंग गोडबोले यांच्या या कल्पनेला पटायसाठी चेहऱ्याची, शापाची, कशाचीच गरज लागत नाही. ज्या घरात वाटणी झाली आहे त्या घराला ती आपोआप पटते.

इथे नाशिककर म्हणून माझा कल आहे, तो लपवत नाही. अग्निहोत्रींचा वाडा नाशिकचा. गावात, म्हणजे सोमवार पेठ, तिवंधा, भद्रकालीकडच्या गल्ल्यांत ज्यांचं बालपण गेलं, त्यांना वाड्याची वाटणी म्हणजे काय ते सांगावं लागत नाही. खोल्या वाटल्या जातात, भांडी वाटली जातात, आणि शेवटी देव्हाऱ्यापाशी सगळे अडतात. अन्नपूर्णा सुनेबरोबर माहेरून येते, तिचा प्रश्न नसतो, ती जिची तिच्याबरोबर जाते. पण कुळाचे टाक कोणाकडे? थोरल्याकडे म्हणावं तर थोरला मुंबईला फ्लॅटमध्ये. मग नवरात्र पाळीने करायचं ठरतं, दोन-चार वर्षं पाळी पाळली जाते, मग एका वर्षी कोणीतरी कळवत नाही आणि तिथून अबोला सुरू होतो. माझी आई अशाच एका वाड्यात वाढली. ‘अग्निहोत्र’ लागली की ती मालिकेत कमी आणि स्वतःच्या घरात जास्त असायची. तिच्या काकांकडे गेलेला एक टाक कुठल्या शहरात आहे हे तिने त्या दिवसांत फोन करून शोधून काढलं. तिच्या तोंडून त्या चुलतभावंडांची नावं मी तेव्हा पहिल्यांदा ऐकली.

गणपतींचं तसं नाशिकला अप्रूप नाही. रविवार कारंजावर चांदीचा गणपती आहे, आनंदवल्लीला नवश्या गणपती आहे, मोदकेश्वर आहे, प्रत्येकाचा वार आणि प्रत्येकाची गर्दी ठरलेली. पण देवळातला गणपती सगळ्यांचा. ‘अग्निहोत्र’मधला गणपती एका घराचा आहे आणि तो घराबाहेर गेला आहे, ही त्यातली कळ आहे. आता तर ती जास्तच लागते. गावातले वाडे दर पावसाळ्यात एखादी भिंत टाकतात, महापालिकेच्या नोटिसा लागतात, बिल्डर येतो, आणि पुढच्या वर्षी तिथे पार्किंगवाली इमारत असते. मालिका सुरू झाली तेव्हा ओळखीचे जे वाडे उभे होते, त्यांतले कितीतरी आज बघायला मिळत नाहीत.

आणि माणसं. विक्रम गोखले, विनय आपटे, मोहन जोशी, शरद पोंक्षे एका मालिकेत. आपटे २०१३मध्ये गेले, गोखले २०२२मध्ये. पोंक्षे यांचा महादेव हा माझ्या मते त्यातला सर्वांत अवघड आणि सर्वांत कमी वाखाणला गेलेला माणूस. वाडा धरून राहिलेल्याचं दुःख वाडा सोडून गेलेल्यांना कळत नाही, हे तो फारसं न बोलता सांगतो. दुसऱ्या टोकाला सिद्धार्थ चांदेकर, मृण्मयी देशपांडे, स्पृहा जोशी, सगळे कोवळे, आणि मुक्ता बर्वे. आज ही मंडळी कुठे पोचली हे माहीत असताना त्यांची ती सुरुवात बघणं हा वेगळा आनंद आहे.

दोष आहेत. मधल्या टप्प्यात गणपतींचा माग रेंगाळतो. काही योगायोग असे जुळतात की लेखकाचा हात दिसतो. संवाद कधी कधी भाषणाकडे झुकतात, विशेषतः परंपरेचा विषय निघाला की. निव्वळ बांधणी बघितली तर ‘असंभव’ जास्त घट्ट आहे, हे मला मान्य करायला हवं.

तेव्हा तुम्ही एकटे बघणार असाल, रात्री, दिवे घालवून, आणि मध्येच सोडवणार नाही असं काहीतरी हवं असेल, तर ‘असंभव’ घ्या. शुभ्रा बदलली की पुढचे दोन-तीन भाग न थांबता एकापाठोपाठ बघून टाका, डोळा लवकर रुळतो. पण घरात आई-वडील किंवा आजी-आजोबा असतील आणि त्यांच्यासोबत बसून बघायची सोय असेल, तर माझं मत विचाराल तर ‘अग्निहोत्र’. पहिल्या आठवड्यात कंटाळा आला तरी सोडू नका. शेजारी एक कागद ठेवा आणि अग्निहोत्रींची वंशावळ जशी उलगडेल तशी मांडत चला, त्याने बराच गोंधळ टळतो. डिसेंबर २०१९मध्ये आलेल्या ‘अग्निहोत्र २’पासून, म्हणजे रश्मी अनपट यांच्या अक्षरा या पात्रापासून सुरुवात करायचा मोह काहींना होतो, कारण ती नवी आणि दिसायला चकचकीत आहे. ती नंतर बघा. महादेवाला आधी मूळ मालिकेत भेटलं तरच दुसऱ्या भागातला त्याचा थकवा कळतो.