ओलं शेपूट बघूनही मी पैसे पाठवले

40,500 रुपये. आकडा आधीच सांगून टाकतो, कारण पोलिसांपासून मेहुण्यापर्यंत प्रत्येकाने पहिल्यांदा तोच विचारला आणि मग म्हणाला, "कुत्र्याला एवढे?"

वडील गेल्यापासून आई दिवसभर घरात एकटी असते. तिला दमा आहे, म्हणून केस न गळणारं छोटं कुत्रं हवं होतं. माल्टीपू, म्हणजे माल्टीज आणि पूडल यांचा संकर, कमी केस गाळतो असं सगळीकडे सांगतात. (ॲलर्जी नुसत्या केसांनी होत नाही, कुत्र्याची लाळ आणि कातडीचा कोंडाही त्याला कारण असतो, हे मला डॉक्टरांकडून नंतर कळलं. विकणारा हे सांगत नाही.) मी घाईत काही केलं नाही. तीन आठवडे चौकशी केली, चार जणांशी बोललो, व्हिडिओ कॉलवर पिल्लू बघितलं. त्या माणसाने आधार कार्डाचा फोटोही पाठवला होता. अजून काय तपासायचं असतं?

तपासायचं होतं. मी लोकांची बिलं तपासून पोट भरतो, तरी मला दिसलं नाही. तो म्हणाला, "केसीआय पेपरसकट देतो, नावावर करायचे 2,500 वेगळे." केनेल क्लब ऑफ इंडिया शुद्ध जातींची नोंद करतो. दोन जातींच्या मिश्र पिल्लाला ते कागद मिळतीलच कसे? मिश्र जातीच्या पिल्लासोबत कोणी केसीआयचं नाव काढलं, की फोन ठेवा. मी 2,500 पाठवले. त्याआधी 5,000 टोकन दिलंच होतं. खात्यावरचं नाव वेगळं दिसलं, तर म्हणे मेव्हण्याचं खातं आहे.

घरी बोलवायला तो तयार नव्हता. "आई नुकती व्यायलीय, अनोळखी माणसाला चावते." रविवारी रात्री साडेनऊला हडपसरच्या गाडीतळाजवळ या, म्हणाला. भाजीच्या प्लॅस्टिक क्रेटमध्ये जुना टॉवेल आणि त्यावर पिल्लू. मी उचललं तर शेपूट आणि मागचे पाय ओले होते. नुकतेच पुसलेले. टॉवेलला फिनाइलचा वास होता आणि त्याच्याखाली दुसराच एक आंबूस वास. मी विचारलं, "हे ओलं का?" तो म्हणाला, "गाडी लागली साहेब, लहान जीव आहे."

मी विचारलं होतं, हे मी स्वतःलाच पुन्हापुन्हा सांगतो. पण विचारून काय उपयोग? पिल्लाने मान माझ्या मनगटावर टाकली होती आणि मी त्याला लळा समजलो. ती ग्लानी होती. तिथेच क्रेट परत द्यायला हवा होता, 7,500 बुडाले तर बुडाले म्हणून. आई घरी वाटीत दूधभात कालवून बसली होती. मी 33,000 पाठवले.

(दूधही देऊ नका. पिल्लांना गाईचं दूध बऱ्याचदा पचत नाही. इतक्या लहान पिल्लाला दर तीन-चार तासांनी थोडं थोडं पिल्लांचंच खाणं द्यावं लागतं, नाहीतर रक्तातली साखर एकदम उतरते.)

आईने त्याचं नाव गोंडू ठेवलं. सोमवारी म्हणाली, "अरे, हा थरथरतोय का रे?" मी म्हटलं, नवी जागा आहे आई. मंगळवारी सकाळी उलट्या, दुपारी रक्ताची हगवण. डॉक्टरांनी तपासणीची किट लावली, दहा मिनिटांत कळलं, पार्व्हो, म्हणजे पिल्लांना होणारा जीवघेणा विषाणूचा आजार. पार्व्होची लागण झाल्यावर लक्षणं दिसायला साधारण 3 ते 7 दिवस लागतात, म्हणजे माझ्याकडे येण्याआधीच तो आजारी होता. डॉक्टरांनी तोंड उघडून दाखवलं, मागच्या दाढा फुटल्याच नव्हत्या. कार्डावर नऊ आठवडे लिहिलेलं पिल्लू जेमतेम पाच आठवड्यांचं होतं. कार्डावर लसीचं स्टिकर होतं, पण शिक्का पुसट, डॉक्टरांचा नोंदणी क्रमांकच नाही. आणि माल्टीपू तर नव्हताच, स्पिट्झचं मिश्र पिल्लू होतं. त्याचं मला दुःख नाही. तो जगला असता तर आम्हाला तोच हवा होता.

चार दिवस सलाईन, 18,760 रुपये. शनिवारी पहाटे गेला. आई अजूनही म्हणते की तिनेच दूध पाजलं म्हणून गेला. त्या माणसाला मी याच्यासाठी माफ करणार नाही.

आता साहेब लोकांचं ऐका. पहिल्या चौकीत हसले. म्हणाले, पिल्लू दिलंय ना तुम्हाला, मग फसवणूक कसली? मी भारतीय न्याय संहितेचं कलम 318 छापून नेलं होतं, तो कागद वाचलासुद्धा नाही. मग हद्दीचा प्रश्न निघाला. पैसे घरून गेले, पिल्लू तिकडे घेतलं, तिकडच्या ठाण्यात जा. तिकडचे म्हणाले, पैसे ऑनलाइन गेले, सायबरकडे जा. सायबरवाले म्हणाले, माल मिळालाय, हे सायबर नाही. अकरा फेऱ्या, पाच रजा, आणि हातात एक पोच.

त्यानंतर एका सरकारी कचेरीत गेलो. कुत्र्यांच्या पैदाशीचे आणि विक्रीचे नियम 2017 पासून आहेत. आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकता येत नाही, ब्रीडरची नोंदणी लागते. तिथल्या बाई म्हणाल्या, "त्याची नोंदणीच नाही, मग आम्ही कारवाई कोणावर करणार?" म्हणजे नोंदणी करणाऱ्यावर कायदा चालतो आणि न करणारा मोकळा! मी लेखी उत्तर मागितलं. साहेब रजेवर होते. पुढच्या वेळीही रजेवरच होते.

ग्राहक आयोगात, मोजलेली किंमत पाच लाखांपर्यंत असेल तर फी नाही. पण विरुद्ध पक्षाचा पत्ता लागतो, आणि माझ्याकडे खोट्या आधार कार्डाचा फोटो आहे. म्हणून सांगतो, घर बघितल्याशिवाय एक रुपया देऊ नका. दिवसा जा. आई आणि बाकीची पिल्लं एकत्र बघा. पैसे देण्याआधी पिल्लू तुमच्या डॉक्टरांना दाखवा, विकणारा नको म्हणाला तर उठून निघा. पैसे गेलेच तर त्याच तासाला 1930, म्हणजे ऑनलाइन पैशांच्या फसवणुकीची सरकारी हेल्पलाइन, लावा. मी दवाखान्यात धावत होतो, नवव्या दिवशी लावला.

आणि ज्यांच्या घरी पार्व्हो झालाय त्यांनी लगेच दुसरं पिल्लू आणू नका, तो विषाणू फरशीवर, मातीत महिनोन्महिने टिकतो. फिनाइलने जात नाही, पातळ केलेलं ब्लीच लागतं. आम्ही आता लस पूर्ण झालेली, तीन-चार वर्षांची छोटी मिश्र कुत्री दत्तक घ्यायचं बघतोय. तिला आधी दोन दुपारी आईजवळ बसवून दम्याचं काय होतं ते पाहणार आहोत.

त्याची जाहिरात अजून चालू आहे. नंबर बदललाय, किंमत 35,000 केलीय, व्हिडिओ तोच. लाल फरशी, मागे हिरवी बादली, आणि छातीवर पांढरा ठिपका असलेलं जर्दाळूच्या रंगाचं पिल्लू. गोंडूच्या छातीवर तो ठिपका नव्हता. हा व्हिडिओ तुम्हाला कोणी पाठवला, तर त्याला उत्तरही देऊ नका.