नातीच्या हातातला कंदील : ड्युसेलडॉर्फची मार्टिन मिरवणूक

सांगलीत आमचं स्टेशनरीचं दुकान होतं. दसरा झाला की मागच्या खोलीत कामट्यांचे भारे, पतंगी कागदाचे ताव आणि खळीचं पातेलं यायचं. मग धनत्रयोदशीपर्यंत आकाशकंदील बांधत बसायचं. तीस वर्षं हे केलं. म्हणून २०२३च्या नोव्हेंबरात लेकीकडे ड्युसेलडॉर्फला गेले आणि नातीच्या बालवाडीत कंदील करायची दुपार आहे असं कळलं, तेव्हा लेकीला म्हटलं, तू निवांत ऑफिसला जा, मी जाते.

तिकडे ११ नोव्हेंबर हा संत मार्टिनचा दिवस. त्याच्या आगेमागे आठवडाभर जर्मनीत मुलांच्या कंदील मिरवणुका निघतात, ऱ्हाईन नदीच्या काठच्या गावांत तर गल्लोगल्ली. मी दोन पाहिल्या, एक मोहल्ल्यातली आणि एक जुन्या शहरातली मोठी. कोणी आजी-आजोबा त्या दिवसांत तिकडे जाणार असतील तर त्यांच्या उपयोगी पडावं म्हणून लिहिते.

आधी कंदील. सामान अगदी साधं. चीजचा गोल पुठ्ठ्याचा डबा येतो, त्याचं बूड खाली आणि मधून कापलेलं झाकण वर. दोन्हींच्या कडेला कागद गुंडाळून चिकटवायचा की उभा नळकांड्यासारखा कंदील तयार. वर तार, तारेला काठी. कागद आपल्या पतंगी कागदाहून जाड, ट्रेसिंग पेपरच्या जवळचा. त्यावर मुलं रंगीत पातळ कागदाचे कपटे फाडून चिकटवतात. फाडूनच, कात्री नाही. आणि चिकटवायला चक्क खळ! वॉलपेपर लावायची पांढरी पूड पाण्यात कालवून केलेली, पण बोटांना लागली तशी मला आमची मागची खोली आठवली. नातीने ती कोपरापर्यंत माखून घेतली. बाईंनी एकाही मुलाचा कपटा सरळ करून लावला नाही. आमच्या दुकानात असा कंदील कोणी घेतला नसता, कपटे एकमेकांवर चढलेले, कडा सुटलेल्या. पण आत दिवा लागला आणि जिथे दोन कपटे एकावर एक आले होते तिथे तिसराच रंग उमटला. पिवळ्यावर निळा आला होता तिथे हिरवा. नात त्या हिरव्यावर बोट ठेवून म्हणाली, “आजी, हा मी नाही लावला, हा आपोआप आलाय.” तीस वर्षांत मी एका कंदिलाकडे इतका वेळ पाहिलं नव्हतं.

मोहल्ल्यातली मिरवणूक बुधवारी, ८ तारखेला होती. तिकडे त्या दिवसांत पाच वाजता सूर्य मावळलेला असतो, म्हणून सव्वापाचला निघाली तेव्हाच अंधारून आलं होतं. पुढे घोडा, त्यावर रोमन शिपायाचं शिरस्त्राण आणि लाल झगा घातलेला मार्टिन. मागे पितळी वाद्यांचा बँड, मग मुलं आणि त्यांच्या बाजूने चमकत्या जाकिटातले स्वयंसेवक. शाळेतल्या मोठ्या मुलांचे कंदील काळ्या पुठ्ठ्याचे होते, नक्षी कोरून मागून रंगीत कागद लावलेले. बहुतेकांवर बदकासारखा मोठा पक्षी. तो हंस असेल असं मला वाटलं, लेकीने सांगितलं की ती गूज, बदकाच्याच कुळातला पण वेगळा, मोठा पाळीव पक्षी. मार्टिनला बिशप, म्हणजे मोठा धर्मगुरू, करायला लोक आले तेव्हा तो नको म्हणून या पक्ष्यांच्या खुराड्यात लपला आणि त्यांनी ओरडून त्याला पकडून दिलं, अशी कथा आहे. म्हणून या सणाला हाच पक्षी भाजून खातात. आम्ही शाकाहारी, त्यामुळे त्या जेवणाबद्दल काही सांगू शकत नाही.

मार्टिन चौथ्या शतकातला. जन्म आजच्या हंगेरीत, वडील रोमन सैन्यात, स्वतःही शिपाई. फ्रान्समधल्या आमियाँ शहराच्या वेशीपाशी थंडीत कुडकुडणारा भिकारी दिसला, तेव्हा त्याने तलवारीने आपला झगा मधोमध कापून अर्धा त्याला दिला. पुढे तो फ्रान्समधल्याच तूर शहराचा बिशप झाला, ३९७ साली वारला आणि ११ नोव्हेंबरला त्याला पुरलं. तोच हा दिवस. आणखी एक गोष्ट मला फार जवळची वाटली. पूर्वी त्या भागात याच दिवशी शेतकऱ्यांचा खंड भरायचा आणि गड्यांचं वर्ष संपायचं. हिशेब मिटवायचा दिवस. आम्ही पाडव्याला नवी वही उघडायचो, ते दिवसही जवळपास हेच.

मिरवणूक शाळेच्या मैदानात थांबली. तिथे अग्निशमन दलाच्या लोकांच्या देखरेखीखाली होळीसारखी मोठी शेकोटी. भिकारी झालेला माणूस जमिनीवर बसला होता. मार्टिनने घोडा वळवला, तलवार काढली आणि झगा धरून ओढला. झग्याच्या दोन तुकड्यांना मधे वेल्क्रो लावलेलं होतं. बँड थांबलेला, दोनशे मुलं गप्प, आणि त्या शांततेत ‘चर्र’ असा आवाज आला. नातीने माझा हात घट्ट धरला. तिला वेल्क्रो माहीत आहे, तिच्या बुटांनाच आहे. तरीही तिच्यासाठी तो झगा खरोखर फाटला होता आणि माझ्यासाठीही.

आता तक्रार. कंदिलाची काठी दुकानातून घेतली होती. टोकाला तार आणि छोटा बल्ब, मुठीत दोन सेल. अर्ध्या वाटेत बल्ब गेला. अंधारात चालणाऱ्या मुलाच्या हातातला दिवा विझणं म्हणजे काय ते त्याच्या शेजारी चालल्याशिवाय कळत नाही. ती रडली नाही, नुसती चालायची थांबली. मागचे सगळे थांबले. एका मुलीच्या बाबांनी काठी हातात घेतली, मूठ उघडली, खिशातून चॉकलेट काढून त्याची चांदी घडी करून स्प्रिंगच्या मागे बसवली. बल्ब लागला. त्या काठ्यांची स्प्रिंग सैल असते, म्हणून घेताना दुकानातच दहा वेळा हलवून बघा आणि जादा सेल जवळ ठेवा. मेणबत्तीचे कंदीलही एक-दोन दिसले. उजेड त्यांचाच सुंदर होता, पण वारा असेल तर लहान मुलाच्या हातात देऊ नका.

शेवटी मुलांना वेकमान मिळतो. माणसाच्या आकाराचा गोडसर पाव, डोळ्यांना मनुका, छातीशी मातीची पांढरी चिलीम. त्याची कुपनं आधी घ्यावी लागतात हे आम्हाला माहीत नव्हतं. बालवाडीने नातीचं घेतलं होतं, माझं नव्हतं. टेबलावर विचारलं तर मोजकेच आणलेत म्हणाले. नातीने स्वतःचा वेकमान कमरेत मोडला आणि पाय मला दिले. मऊ, दुधाचा वास असलेला, जरा कोरडा पाव. चहात बुडवला असता तर फार छान लागला असता.

१० तारखेला धनत्रयोदशी होती. घरी दिवा लावून आम्ही जुन्या शहरातल्या मोठ्या मिरवणुकीला गेलो. तिथे झगा कापण्याचा प्रसंग नगरभवनासमोरच्या चौकात होतो. गर्दी इतकी की मला फक्त शिरस्त्राणाचं टोक दिसलं, आणि नातीला तेही नाही. दुकानांच्या पाट्यांचा उजेड इतका की कंदील फिके पडले. चौक देखणा आहे, संगीत उत्तम, पण लहान मूल बरोबर असेल तर मी तिथे जा म्हणणार नाही. मोहल्ल्यातलीच मिरवणूक शोधा. बालवाडीच्या, शाळेच्या किंवा चर्चच्या फलकावर तारीख लावलेली असते आणि परक्या माणसालाही कोणी हटकत नाही. आमच्या शेजारी एक तुर्की आजी चालत होत्या. भाषा एक नाही, पण दोघींचं लक्ष आपापल्या नातीच्या काठीकडे. आणि ११ तारखेला जुन्या शहरात फिरायचं ठरवत असाल तर हे ध्यानात ठेवा, की त्याच चौकात सकाळी ११ वाजून ११ मिनिटांनी तिथल्या कार्निव्हलचा मोसम सुरू होतो. तो मोठ्यांचा धिंगाणा, मुलांचा नाही.

मिरवणुकीनंतर मुलं दारोदार आणि दुकानांत जाऊन गाणी म्हणतात आणि खाऊ गोळा करतात. ड्युसेलडॉर्फमध्ये याला ‘ग्रिपशन’ म्हणतात. मला भोंडल्याची खिरापत आठवली, फक्त इथे ओळखायला काही नाही, पिशवी पुढे धरायची. नात औषधाच्या दुकानात दोन कडवी म्हणून आली आणि द्राक्षसाखरेच्या, म्हणजे ग्लुकोजच्या, गोळ्या घेऊन आली. बेकरीवाल्या बाईंनी तर पुरतं गाणं होईपर्यंत गिऱ्हाईक थांबवून ठेवलं.

थंडीचं म्हणाल तर साडी नेसायचा हट्ट सोडा. मी आत लोकरी पायमोजे घालून नेसले होते, तरी तासाभरात पाऊस भुरभुरला आणि काठ पोटरीला चिकटले.

परत आल्यावर सांगलीत चीजचा गोल डबा काही मिळाला नाही. मिठाईच्या दुकानातून पेढ्यांचे पुठ्ठ्याचे गोल डबे आणले आणि पतंगी कागद फाडून एक करून पाहिला. आपला कागद पातळ पडतो, खळीने फुगतो. दोन थर दिले तेव्हा कुठे उभा राहिला. काठी वेताची चालते. बल्बची तार तेवढी लेकीला आणायला सांगितली आहे.