फ्रँचायझीची चौकशी: टोपणपत्ता पुरतो की वेगळा नंबरही हवा?

फ्रँचायझीची ऑनलाइन चौकशी तर करायची, पण आपला नंबर गावभर होऊ द्यायचा नाही. त्यासाठी मी दोन रस्ते वापरून पाहिले. एक, आपल्याच इनबॉक्समध्ये मेल आणून देणारा टोपणपत्ता. दुसरा, चौकशीपुरतं वेगळं मेल खातं आणि जोडीला वेगळं सिम.

टोपणपत्ता पाच मिनिटांत होतो. जीमेलमध्ये आपल्या नावापुढे अधिकचं चिन्ह आणि एखादा शब्द जोडला, तरी मेल आपल्याकडेच येतो. प्रत्येक ब्रँडला मी वेगळा शब्द दिला होता, म्हणजे पत्ता कुणी पुढे सरकवला ते लगेच कळावं. कल्पना झकास, पण बरेच फॉर्म ते चिन्हच घेत नाहीत, आणि तेवढा तुकडा खोडला की खरा पत्ता उघडा. फायरफॉक्स रिलेसारखी सेवा त्याहून बरी. खरा पत्ता झाकलेला राहतो, ५ पत्ते फुकट मिळतात, आणि त्रास सुरू झाला की तेवढाच पत्ता बंद करता येतो. नुसत्या मेलपुरतं बोलायचं तर वेगळं खातं सांभाळण्यापेक्षा हे सुटसुटीत आहे, हे मान्य.

पण या फॉर्मना मेलपेक्षा फोन प्यारा. तो रकाना भरल्याशिवाय पुढचं पान उघडत नाही आणि ओटीपीही त्याच नंबरवर येतो. पहिल्या खेपेला मी अनेक ब्रँडच्या फ्रँचायझी एकत्र दाखवणाऱ्या एका पोर्टलवर एकाच ब्रँडची चौकशी केली. खाली ‘अशाच इतर संधींसाठी संपर्क चालेल’ या चौकोनात आधीच टिक होती, ती काही मी पाहिली नाही. त्या संध्याकाळपासून जे फोन सुरू झाले, ते मी नावही न ऐकलेल्या धंद्यांचे. एक नंबर ब्लॉक करावा, तर दुसऱ्या दिवशी दुसरा हजर. एका गृहस्थाने तर मी तोंड उघडण्याआधीच माझी गुंतवणुकीची रक्कम मला सांगितली. मेलला निदान खुणेचा शब्द असतो. नंबर कुणी फोडला, हे शोधणार कसं? माझ्यापुरता निकाल तिथेच लागला.

दुसऱ्या खेपेला वेगळं सिम घेतलं. फोनमध्ये दुसरा खण होताच. रोज दुपारी तासभर ते चालू, एरवी बंद. व्हॉट्सॲपवर फोटो नाही, नावाचं फक्त पहिलं अक्षर. पूर्ण नाव समोरासमोर बसल्यावर सांगितलं. गुंतवणूक नेमक्या आकड्यात न देता ‘इतके ते इतके’ अशी लिहिली. ओळखपत्र आणि बँकेचे कागद तर चौकशीच्या पायरीवर कुणालाच दिले नाहीत. अमेरिकेत करारावर सही किंवा पैसे घेण्याआधी किमान १४ दिवस ब्रँडला खुलाशाचा दस्तऐवज, म्हणजे धंद्याची माहिती उघड करणारे कागद, इच्छुकाच्या हातात द्यावा लागतो. तेव्हा पहिल्याच फोनवर कागद मागणाऱ्याची घाई मला जरा जास्तच वाटते.

या रस्त्यालाही खोड्या आहेत. सिम आपल्याच नावावर असतं, म्हणजे अगदी अदृश्य काही होत नाही. रिचार्ज सांभाळावा लागतो. मेल खातं दोन वर्षं उघडलंच नाही, तर गूगल ते काढून टाकू शकतं. आणि बंद तासांत एखादा कामाचा फोन हुकतो. माझा एक हुकला, पण त्यांनी मेल केला.

एखाद्याच ब्रँडशी, तेही थेट त्यांच्याच साइटवरून, बोलायचं असेल तर टोपणपत्त्यावर भागेलही. पोर्टलच्या वाटेने चार ठिकाणी विचारणार असाल, तर मी सिमच घ्या म्हणेन.

चौकशी आटोपल्यावर मी त्या नंबरवरचं व्हॉट्सॲप खातं काढलं आणि सिम बंद केलं. बंद पडलेला नंबर पुढे दुसऱ्या कुणाला तरी मिळतो. ज्याला मिळेल, त्याला भर दुपारी फ्रँचायझीचे फोन येणार, याचं थोडं वाईट वाटतं.