गिनी कोंबड्यांच्या खुराड्यात प्लॅस्टिकची स्लॅट: पावसाळा काढल्यावरचा अनुभव

परसात गिनी कोंबड्या आहेत आणि ढग दाटले की पोटात गोळा येतो, अशांसाठी लिहितोय. उन्हाळ्यात खुराड्यात जमिनीपासून दोन फुटांवर प्लॅस्टिकची जाळीदार स्लॅट, म्हणजे पक्ष्यांना उभं राहायला भोकांचा तळ, बसवली. आता निम्मा हिवाळा सरला. जंतांच्या बाबतीत एवढा फरक आजवर कुठल्याच औषधानं पडला नव्हता.

गोल जंताची अंडी विष्ठेतून पडतात, ओल्या उबेत दोन-तीन आठवड्यांत लागण करण्याजोगी होतात आणि मातीत महिनोन्‌महिने टिकतात. कॉक्सिडियाला, म्हणजे आतड्यातल्या डोळ्यांना न दिसणाऱ्या परजीवीला, तर दोन दिवस पुरतात. करवीरच्या पश्चिमेला जुलै-ऑगस्टात तुसाची गादी वाळतच नाही. कितीही औषध पाजा, पक्षी पुन्हा तेच टिपतो. स्लॅटमुळे विष्ठा खाली जाते, चोच तिथं पोचत नाही.

औषध बंद केलेलं नाही. सरकारी दवाखान्यात विष्ठा तपासून घेतो, डॉक्टर सांगतील तेच देतो. पिपरॅझिन मोठ्या गोल जंतावरच चालतं, केसासारख्या बारीक जंतावर नाही. अँप्रोलियम कॉक्सिडियासाठी, जंतांसाठी नव्हेच. तरी दुकानात दोन्ही ‘जंताचं’ म्हणून हातात ठेवतात, याचा खरंच संताप येतो.

स्लॅटची खरी डोकेदुखी म्हणजे लाल माइट. तुकडे जिथं एकमेकांत अडकतात त्या खाचांत हे किडे दिवसभर दडतात आणि रात्री पक्ष्यांचं रक्त पितात. अंधार पडल्यावर बॅटरी घेऊन जा, सांध्यांवरून पांढरा कागद ओढा. तांबडे ठिपके दिसतील, चिरडले की रक्ताची रेघ उमटते. मी तुकडे सुटे करून उकळतं पाणी ओततो, कडक उन्हात वाळवतो आणि आठवड्यानं पुन्हा तेच, कारण तेवढ्यात नवी पिढी तयार होते. बसायच्या दांड्यांची टोकंही सोडू नका.

उवांसाठी गुऱ्हाळाच्या चुलवाणातली राख चाळून, कोरड्या वाळूत मिसळून घमेल्यात ठेवलीय. पक्षी त्यात मनसोक्त लोळतात, उवा बऱ्याच कमी झाल्या. माइटवर तिचा भरवसा धरू नका, तो दिवसा पक्ष्याच्या अंगावर नसतोच.

लहान पिलं मात्र स्लॅटवर नकोत, पाय घसरून फाकतात. पहिला महिना तुसावरच.

टर्की पाळणाऱ्यांनी स्लॅट असली तरी टर्की आणि गिनी कोंबड्या एका अंगणात सोडू नयेत. गिनी कोंबडी स्वतः ठणठणीत राहून आंधळ्या आतड्यातला जंत वाहते आणि त्यातून टर्कीला ब्लॅकहेड हा आतड्याचा आणि यकृताचा रोग होतो. तो जंत गांडुळांतूनही पसरतो, म्हणून पाऊस पडून गेला की ऊन चढून जमीन सुकल्याशिवाय मी खुराड्याचं दार उघडत नाही.