पेपरच्या आधीची धडधड: लांब श्वास की 'मी एक्सायटेड आहे'?

पेपर हातात यायच्या आधी छातीत धडधडतं तेव्हा लोक दोन उपाय सांगतात, एक हळू श्वास आणि दुसरा त्या धडधडीकडेच वेगळ्या नजरेनं बघणं. श्वासाचं गणित सोपं आहे, श्वास सोडताना व्हेगस नर्व्हमुळे (मेंदूपासून हृदयापर्यंत जाणारी नस) ठोके जरा मंदावतात म्हणून सोडणं घेण्यापेक्षा लांब ठेवायचं, मिनिटाला साधारण 6 श्वास, बास. डोकं पार ब्लँक झालं असेल तर हेच, कारण तेव्हा मेंदूचा विचार करणारा पुढचा भाग, प्रीफ्रंटल कॉर्टेक्सच ढेपाळलेला असतो, त्याला समजावून काय उपयोग!

मला दुसरा जास्त आवडतो खरं तर. घाबरल्यावर आणि उत्साहात शरीर जवळपास सारखंच वागतं ना, ॲड्रेनलिन तेच, धडधड तीच, मग स्वतःला शांत हो म्हणण्यापेक्षा 'मी एक्सायटेड आहे' म्हणायचं. हार्वर्डच्या ॲलिसन वुड ब्रुक्स यांच्या 2014 च्या प्रयोगांत असं करणाऱ्यांचं गाणं, भाषण आणि चक्क गणितसुद्धा शांत राहू बघणाऱ्यांपेक्षा बरं झालं. पण याला आधी सराव हवा, ऐनवेळी सुचत नाही.

आणि रात्रभर जागून आलात तर दोन्ही लंगडे पडतात, हे मात्र कोणी ऐकत नाही.